डबे शोधायला जाऊ का, असं विचारताय? जाच!

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहतो. नवरा हॉस्पिटलमध्ये, त्याच्या शिफ्ट, मुलगा आता युनिव्हर्सिटीसाठी दुसऱ्या गावात. मी लायब्ररीत पार्टटाइम. मध्यंतरी लायब्ररीतल्याच एक बाई, साठीच्या पुढच्या, मला डार्टमूरच्या उघड्या माळरानावर फिरायला घेऊन गेल्या आणि तिथे एका दगडाखालून प्लास्टिकचा डबा काढला, आत एक रबरी शिक्का आणि छोटी वही. त्यांनी तो शिक्का स्वतःच्या वहीत मारला, मग त्यांचा शिक्का त्या वहीत. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात म्हणे. ताई, मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, या वयात दगडाखालचे डबे काय शोधतेस. इथल्या मंडळातल्या मैत्रिणीही हसल्या. आता त्या बाई म्हणतायत की मार्चमध्ये सगळ्या लोकांचा मेळावा असतो, चल. दोनदा विचारलं त्यांनी. मला जायचंय पण धीर होत नाही, सगळे तिथले जुने लोक, माझं इंग्लिश अडखळतं, मी काय बोलणार? आणि पन्नाशीला आल्यावर अशी नवीन मैत्री होते का? अजून एक, डिसेंबरमध्ये पुण्याला जाणार आहे, तेव्हा सिंहगडावर असा एखादा डबा ठेवला तर?

उत्तर:

तुमचं पत्र वाचून मी अक्षरशः खुर्चीतून उठले, कारण मी स्वतः काही वर्षं प्लिमथला राहिलेय आणि त्या डार्टमूरवर याच नादापायी भरपूर चाललेय. त्यामुळे आज सल्ला जरा लांबणार आहे, आणि तो तटस्थ अजिबात नसणार हे आधीच सांगते.

आधी नवऱ्याच्या वाक्याचं बघू, कारण ते तुम्हाला लागलंय असं दिसतंय. "या वयात" म्हणजे काय? हा खेळ मुळात मुलांचा नव्हताच कधी. १८५४ साली चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट नावाचा एक वाटाड्या होता, तो लोकांना डार्टमूरच्या उत्तर भागात क्रॅनमियर पूल नावाच्या ठिकाणी घेऊन जायचा. पूल म्हणजे तळं असं वाटतं पण तिथे तळं वगैरे फारसं नाहीच, पीटच्या काळ्या चिखलातला एक खड्डा आहे, आणि तिथवर पोचायला दलदल तुडवत खूप चालावं लागायचं. तर इतक्या लांब आलेल्या लोकांना आपण आलो होतो याची काहीतरी खूण ठेवता यावी म्हणून त्याने तिथे एक बाटली ठेवली, लोक आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचे. ही चांगली मोठी, कामाधंद्याची, मिशावाली माणसं होती हो! पुढे तिथे वही आली १९०५ साली, आणि आज जी दगडी पेटी आहे ती १९३७ ची. मधल्या काळात एक फार सुंदर पद्धत पडली, लोक स्वतःच्याच पत्त्याचं पोस्टकार्ड किंवा पत्र त्या पेटीत ठेवून यायचे आणि नंतर जो कोणी तिथे पोचेल त्याने ते घेऊन जाऊन पोस्टात टाकायचं. म्हणून लेटरबॉक्स. आता विचार करा, एखादं कार्ड आठवड्यात घरी यायचं, एखादं हिवाळाभर अडकून बसायचं, आणि ते टाकणारा माणूस कोण हे कधी कळायचंही नाही. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी केलेलं एवढंसं काम. मला वाटतं या छंदाचा सगळा जीव तिथेच आहे, आजही.

दक्षिणेकडे डक्स पूलला दुसरी एक पेटी आहे, १९३८ ची, विल्यम क्रॉसिंग नावाच्या लेखकाच्या आठवणीसाठी ठेवलेली, त्याने आयुष्यभर डार्टमूर पायी फिरून लिहिलं. १९७० च्या आसपासपर्यंत असे डबे अगदी मोजकेच होते, मग लोकांना जी काही चटक लागली ती लागली, आणि मूरवर हजारोंनी डबे झाले. त्याच सुमाराचा तो हंड्रेड क्लब, म्हणजे डार्टमूरवरचे शंभर डबे शोधलेत की तुम्ही त्याचे मेंबर, कापडी बिल्ला मिळतो आणि कुठे काय ठेवलंय त्याचा कॅटलॉग विकत घेता येतो. तर नवऱ्याला भांडून पटवायची गरज नाही, एवढं सांगा की दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे, आणि मग विषय सोडून द्या. तो शिफ्ट करून दमून घरी येतो, त्याला तुमच्या आनंदात यायचंच असेल तर तो स्वतःच येईल, आणि नाही आला तरी चालेल. नवरा-बायकोचे सगळे छंद एक असलेच पाहिजेत असं मला बिलकुल वाटत नाही.

मंडळातल्या मैत्रिणींना मात्र मी एक प्रश्न विचारेन. नवरात्रात तुम्ही सगळ्याजणी भोंडल्याला गोल धरून नाचता ना, आणि मग शेवटी डबा वाजवून वाजवून खिरापत ओळखायला लावता, गोड की तिखट, कोरडी की ओली, आणि पन्नाशीच्या साठीच्या बायका "चिवडा! ढोकळा! उकडीचे मोदक!" असं जीव तोडून ओरडतात की नाही? तेव्हा खिरापतीची भूक नसते हो कुणाला, ओळखण्याची मजा असते आणि चारचौघीत मिळून ओळखण्याची. हे तेच आहे, फक्त डबा दगडाखाली आहे आणि वारा जास्त आहे. हसल्या त्यातल्या एकीला तरी एकदा घेऊन जा, मग बोलू.

आता मूळ मुद्दा, मैत्री. तुम्ही विचारलंय पन्नाशीला नवीन मैत्री होते का. होते. पण कशी होते हे नीट बघितलं पाहिजे, कारण आपण जी मैत्री शोधतो ती बहुतेकदा समोरासमोर बसून, चहाचा कप हातात घेऊन, "मग काय करता तुम्ही, मुलं काय करतात" अशी सुरू करायला बघतो आणि परक्या भाषेत नेमकं तेच सगळ्यात जड जातं. लेटरबॉक्सिंगमध्ये असं कोणी कोणाकडे बघत बसत नाही. दोघंही खाली बघत असतात, दगडांत! क्लू हातात असतो, समजा लिहिलंय की अमुक टॉरचं, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या खडकांच्या सुळक्याचं, टोक एवढ्या अंशावर, नॉर्थ हेसरीचा टीव्हीचा उंच मनोरा तेवढ्या अंशावर, आणि तिथून तिरक्या दगडाकडे तीस पावलं. मग एकजण कंपास धरतो, दुसरा नकाशा, आणि तीस पावलं कोणाची, लंबूची की बुटक्याची, यावर पाच मिनिटं वाद. टॉरच्या खाली उतारावर जे ग्रॅनाइटचे दगड विखुरलेले असतात ना, तिथले लोक त्याला क्लिटर म्हणतात, त्या हजार दगडांतला नेमका कोणता, हे शोधताना तुमचं इंग्लिश अडखळलं काय आणि नाही काय, "हिअर! नो, हिअर!" एवढं पुरतं. आणि चालताना बोलायचं नसेल तर गप्प राहिलं तरी चालतं, ते कोणाला खुपत नाही. मी माझ्या ग्रुपमधल्या एका रिटायर्ड शिक्षिकेबरोबर पहिल्या दोन-तीन वेळा फारसं काही बोललेच नव्हते, आणि नंतर माझे वडील गेले तेव्हा मी सगळ्यात आधी बोलले ती तिच्याशी, टॉरच्या आडोशाला थर्मास उघडून. तिने काही समजावलं नाही, ऐकलं फक्त.

अजून एक गंमत आहे जी दुसऱ्या कुठल्याच छंदात मी बघितली नाही. इथे तुम्ही माणसाला भेटायच्या आधी त्याच्या शिक्क्याला भेटता. डब्यातल्या वहीत आधी आलेल्यांचे शिक्के, तारखा, एखादी ओळ, "पावसात भिजलो", "कुत्रा चिखलात पडला", असं. महिनोन्महिने एकच शिक्का दिसत राहतो, कधी तुमच्या आधी आठवडाभर, कधी त्याच दिवशी सकाळी आणि शाई अजून ओली, आणि तुम्हाला वाटायला लागतं अरे हे कोण, आपल्यासारखेच वेडे दिसतात. मग कधीतरी पार्किंगमध्ये किंवा मेळाव्यात कोणीतरी वही उघडतं आणि तो शिक्का समोर! त्या माणसाशी बोलायला विषय शोधावा लागत नाही, तुम्ही दोघं दोन वर्षं एकाच दगडाखाली ये-जा करत असता.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं ठोस सांगणं, मेळाव्याआधी स्वतःचा शिक्का बनवा. विकत ऑर्डर देऊन करू नका, हाताने कोरा. मोठं मऊ खोडरबर घ्या, किंवा आर्टच्या दुकानात लिनोकटसाठी मऊ रबराचे तुकडे मिळतात ते, आणि बारीक कोरणी. चित्र पेन्सिलने बटर पेपरवर काढायचं, कागद रबरावर उलटा ठेवून मागून नखाने घासायचं, पेन्सिल रबरावर उतरते ती आपोआप उलटी, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. देवनागरी अक्षर कोरायचं असेल तर ही युक्ती विसरलात की घोटाळा. पण मी तर म्हणेन गोपद्म कोरा, किंवा आपल्या रांगोळीतलं एखादं साधं कमळ, दोन्ही बाजूंनी सारखं असलं की उलट-सुलटाची भानगडच नाही. त्या वह्यांमध्ये पोनी, मेंढ्या, टॉर, बूट असलेच शिक्के खूप असतात, त्यात तुमचं गोपद्म उमटलं की पुढचा माणूस थांबून बघणारच, आणि मेळाव्यात "हे तुमचं का?" असं विचारत लोकच तुमच्याकडे येतील. मी काय बोलणार, असं विचारलंत ना, हे बोलणार. गोपद्म म्हणजे काय, आई चातुर्मासात कशी काढायची, एवढं सांगायला तुमचं इंग्लिश भरपूर आहे.

मेळाव्याची भीती वाटतेय पण तो असतो कसा हे ऐका. उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे-मागे करतात त्या रविवारी, मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, अशी वर्षातून दोनदा भरायची त्याची रीत. ठिकाण-वेळ त्या बाईंना विचारून घ्या. एखादा हॉल, टेबलं, लोक आपापल्या वह्या आणि शिक्के घेऊन बसलेले, सगळं फिरतं असतं, भाषण वगैरे नाही, कोणी तुम्हाला उभं करून ओळख करून द्या म्हणणार नाही. तुम्ही टेबलापाशी जाता, वही पुढे करता, शिक्का मारून घेता, आपला मारता. हाताला काम असतं त्यामुळे अवघडायला वेळच मिळत नाही. बऱ्याच जणांकडे चॅरिटीसाठी बनवलेल्या वॉकचे क्लू असतात, थोडे पैसे देऊन कागद घ्यायचा, एका फेरीत बरेच डबे मिळतात, आणि पैसे चांगल्या कामाला जातात. नवख्यासाठी हे सगळ्यात उत्तम, एक-दोन कागद नक्की घ्या.

आणि तोंडी क्लूवाले डबेही असतात बरं का, जे कुठल्याच यादीत नसतात, मालकाने स्वतः सांगितलं तरच कळतात. कोणी तुम्हाला असा क्लू दिला तर समजा की तुम्ही त्यांच्यातल्या झालात. काहीजण मित्राच्या साठीला, लग्नाच्या वाढदिवसाला खास शिक्का कोरून डबा ठेवतात, काही डबे गेलेल्या माणसाच्या आठवणीत असतात, त्याचा आवडता टॉर, त्याचं आवडतं कुत्रं शिक्क्यावर. असे डबे उघडताना मी पटकन शिक्का मारून पुढे कधी गेले नाही, थोडं बसायचे. काही पबमध्ये काउंटरच्या मागेही शिक्का ठेवलेला असतो, मागायला लागतो. तुमच्यासारख्या बुजऱ्या माणसासाठी हा उत्तम सराव, एक चहा किंवा सूप मागवा आणि शिक्का आहे का विचारा.

एक खरं सांगू का, सगळेच मित्र होतील अशी अपेक्षा ठेवू नका. काहीजण फक्त डबे मोजायला येतात, पटपट शिक्का मारून पुढच्या दगडाकडे पळतात, त्यांचाही आनंद खरा आहे पण तो तुमच्या कामाचा नाही. शंभराचा बिल्ला मिळवा जरूर, पण त्याच्यामागे धावू नका. आणि मराठीत मनसोक्त बोलायची जी भूक आहे ती या लोकांकडून भागणार नाही, त्यासाठी मंडळ लागतंच, हसणाऱ्या मैत्रिणींसकट लागतं. दोन्ही ठेवा.

आता सुरक्षिततेचं, हे मी जरा दरडावूनच सांगणार आहे. सुरुवातीला एकटीने मूरवर जायचं नाही, अजिबात नाही. डार्टमूर उंचीला फार नाही, सगळ्यात उंच हाय विल्हेज ६२१ मीटर, आपल्या सह्याद्रीत हिंडलेल्याला ते किरकोळ वाटतं, पण तिथलं धुकं दहा मिनिटांत उतरतं आणि सगळे टॉर एकसारखे दिसायला लागतात. मोबाइलला रेंज जाते. कागदी नकाशा, ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल २८ नंबरचा, आणि कंपास, दोन्ही वापरता आलं पाहिजे, त्या बाईंकडून शिकून घ्या, बेअरिंग, म्हणजे कंपासवरून दिशेचा अंश, काढायला शिकवताना त्यांनाही मजा येईल. खूप हिरवंगार, सपाट, मऊ मऊ दिसणारं गवत-शेवाळ असेल तिथे पाय टाकू नका, खाली दलदल असते. उत्तरेकडच्या भागात लष्कराच्या तीन फायरिंग रेंज आहेत, ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी, गोळीबाराच्या वेळा आधी जाहीर होतात त्या बघून निघायचं आणि लाल झेंडा वर असला की आत जायचं नाही, धातूचं काही पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही. उन्हाळ्यात दगडाच्या फटीत थेट हात घालू नका, आधी काठीने चाचपा, तिथे ॲडर नावाचा विषारी साप असतो. पँट मोज्यात खोचा, गोचीड चिकटतात, घरी आल्यावर अंग तपासा.

आणि डबा मिळाल्यावर तो जसा होता तसाच ठेवायचा, झाकण घट्ट, दगड पुन्हा तसाच. प्राचीन दगडी थडग्यांत, दगडांच्या राशींत, बांधांच्या भिंतींत डबा ठेवायचा नाही, खणायचं नाही, सिमेंट लावायचं नाही, हे तिथले नियम आहेत आणि लोक ते मनापासून पाळतात.

याच कारणाने सिंहगडाचा विचार सोडा. तुमची कल्पना गोड आहे पण गडावर नको. आपले बरेचसे गड संरक्षित स्मारकं आहेत, तिथल्या दगडांत काही खुपसणं बरोबर नाही, आणि आपल्याकडे बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, पोलिसांना फोन जातो, ते योग्यच आहे. त्यापेक्षा डबा माणसाकडे ठेवा. आईच्या सोसायटीतल्या बागेत सगळ्यांना सांगून, किंवा गडाच्या वाटेवर ताक-भजी विकणारी एखादी ओळखीची मावशी असेल तर तिच्या टोपलीशेजारी, तिची परवानगी घेऊन. क्लू तोंडीच द्या, भाच्यांना, शाळेच्या मैत्रिणींना. पुण्यात या छंदाची परंपरा नाही, पण चार ओळखीच्या माणसांत सुरू करायला कोणाची हरकत असणार? अमेरिकेतही हा प्रकार असाच पसरला, एप्रिल १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरच्या डब्यांवर लेख आला, तो वाचून तिकडच्या लोकांनी आपापल्या जंगलात डबे ठेवायला सुरुवात केली. तिकडे दोघं शोधणारे वाटेत भेटले की एकमेकांच्या वहीत स्वतःचा शिक्का मारतात आणि अशा भेटींचीही मोजदाद ठेवतात, डब्यांइतकीच. मला ही रीत फार आवडते.

मुलगा कदाचित म्हणेल आई, त्यापेक्षा जिओकॅशिंग कर, फोनवर सगळं दिसतं. तेही लपवलेले डबे शोधणंच, २००० साली सुरू झालं, जीपीएसवर चालतं, चांगलंच आहे, त्याच्याबरोबर एखाद्या सुट्टीत कराही. पण तुम्हाला जे हवंय, थांबणं, चुकणं, दोघींनी डोकं खाजवणं, ते कंपास आणि पावलांमध्ये जास्त मिळेल असं माझं स्पष्ट मत आहे.

तर आता हे वाचून झालं की त्या बाईंना मेसेज करा, "येते" एवढाच. त्यांनी दोनदा विचारलंय, म्हणजे त्यांनाही सोबत हवी आहे, हे तुमच्या लक्षात आलंय की नाही मला माहीत नाही. पुढच्या रविवारी त्यांना घरी बोलवा, पोहे करा, आणि टेबलावर रबर-कोरणी मांडून दोघी मिळून गोपद्म कोरा. वही जाड कागदाची घ्या, पातळ कागदावर शाई मागे उमटते. डब्यातली स्टॅम्पपॅड बहुतेकदा वाळलेली किंवा भिजलेली असतात, म्हणून आपली दोन न्या, एक काळं आणि एक तुमच्या आवडीच्या रंगाचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.